दोन तासांच्या विज्ञान-भेटीने मुलांना खरंच काही मिळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की संग्रहालयाचे स्वयंसेवक शाळेत येतात, दोन तास उपकरणं मांडतात आणि निघून जातात, तर त्यातून मुलांच्या पदरात काय पडतं? चार वर्षं हेच काम करतेय, म्हणून सांगते: भरपूर पडतं. पण उपकरण मुलांच्या हातात गेलं आणि आपण तोंड आवरलं, तरच.

आमच्याकडे हाताने फिरवायचा एक डायनामो आहे. हँडल फिरवलं की बल्ब लागतो. गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत सहावीतल्या एका मुलीने फिरवता फिरवता बल्ब काढला, परत लावला, परत काढला. मग म्हणाली, "ताई, बल्ब लावला की हे जड जातंय." मी काहीच बोलले नाही, तिला पुढच्या टेबलाकडे नेलं. तिथे तांब्याची मीटरभर उभी नळी होती. तीतून लोखंडाचा तुकडा सोडला तर अर्ध्या सेकंदात खाली. तेवढ्याच आकाराचं जोरदार चुंबक सोडलं, तर सावकाश उतरत येतं. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे तिने आधी लावून बघितलं होतं. ती बराच वेळ वरून नळीत डोकावत राहिली आणि म्हणाली, "यालापण जड जातंय का?"

अगदी तेच! चुंबक सरकलं की तांब्यात वीज फिरते आणि ती वीज चुंबकालाच मागे धरते. डायनामोतही बल्ब लावला की तारेतून वीज वाहू लागते आणि आपल्या हाताला विरोध होतो. मी हे आधीच सांगून टाकलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि विषय तिथेच संपला असता.

उपकरणं घेऊन मुलांपर्यंत जायची ही कल्पना नवी नाही. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने 1965 मध्येच बसमधून फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं होतं. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, पण दुर्गम वाडीवरच्या मुलांना तिथे नेणार कोण? म्हणून आपणच जायचं.

उपकरणं परत न्यावी लागतात, याचं मात्र मलाही वाईट वाटतं. त्यामुळे निघताना आम्ही काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे ठेवून येतो. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून आकार बनवायचे, हा खेळ टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवला. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाला, छपराच्या कैचीला त्रिकोण का असतात, ते मुलांना बोटांनीच कळतं.

तुमच्या शाळेत कुणाला बोलावणार असाल, तर अख्खी शाळा एकदम रांगेत उभी करू नका. मागच्या मुलांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. दहा-बारा जणांचा गट करा, प्रत्येक गटाला निवांत वेळ द्या. आणि दुसऱ्या दिवशीचा एक तास मोकळा ठेवा, कारण खरे प्रश्न रात्री घरी गेल्यावर सुचतात.