देवावर भरवसा आहे, मग घरखर्चाचं बजेट कशाला?

भरवसा आणि हिशेब यांचं वैर नाही. बायबलमध्ये, लूक 14:28 मध्ये, येशूच विचारतो, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण घेत नाही? (मुद्दा तिथे शिष्यत्वाचा आहे, पण दाखला हिशेबाचाच.) पैसा देवाचा, आपण कारभारी, कारभाऱ्याला हिशेब द्यावाच लागतो. 1 करिंथ 16:2 मध्ये प्रेषित पौल आठवड्याच्या पहिल्याच दिवशी मिळकतीप्रमाणे वाटा बाजूला काढायला सांगतो, उरलंसुरलं नव्हे.

आमच्या वहीत पहिली ओळ दानाची, दुसरी कर्जाच्या हप्त्याची. नीतिसूत्रे 22:7 ऋणकोला धनकोचा दास म्हणतं, ते उगाच नाही. 'किरकोळ' हा रकाना मात्र आम्ही खोडून टाकला. पगार तिथेच गडप व्हायचा. महिनाअखेरीस दोघं वही उघडून बसतो. वाद होतात, लपवाछपवी होत नाही.