रोममध्ये दोनच दिवस आहेत आणि रोमन बांधकाम बघायचंय, तर तिथला सांत'आंजेलो पूल मुद्दाम पाहावा का? त्यावरचे पुतळे रोमन काळातले आहेत का?

दोनच दिवस हातात आहेत म्हणता, तरी हा पूल वगळू नका. व्हॅटिकनला जाणारच असाल तर वाट वाकडी करावी लागत नाही, तिथल्या सेंट पीटर्स चर्चहून चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता.

पुतळे मात्र रोमन नाहीत. पूल सम्राट हेड्रियनने इ.स. 134 च्या सुमारास स्वतःच्या समाधीकडे जायला बांधून घेतला. समोरचा तो गोल किल्ला म्हणजे तीच समाधी. देवदूतांचे हे पुतळे आले त्यानंतर दीड हजार वर्षांनी, पोप नवव्या क्लेमेंटने ते काम शिल्पकार बर्निनीवर सोपवलं तेव्हा. दहा देवदूत आहेत आणि प्रत्येकाकडे येशूच्या छळातली एकेक वस्तू: खिळे, भाला, चाबूक, स्पंज... एकाकडे तर येशूचा झगा आणि तो कोणाला मिळावा म्हणून शिपायांनी टाकलेले फासे! हे माहीत नसेल तर दहाही पुतळे सारखेच वाटतात आणि लोक सेल्फी काढून पुढे जातात. कठड्यात मधूनमधून लोखंडी जाळी आहे तीही बघा. चालताना खालचं पाणी दिसावं ही बर्निनीचीच योजना.

बर्निनीने स्वतःच्या हाताने घडवलेले दोन देवदूत उन्हापावसात ठेवायला पोपचं मन होईना, म्हणून पुलावर त्यांच्या जागी दुसरे बसवले. मूळ जोडी स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांजवळच्या सांत'आंद्रेआ देल्ले फ्रात्ते या चर्चमध्ये आहे, तिकीट नाही. पुलावर मान वर करून जे बघावं लागतं ते इथे जवळून दिसतं: पंखांची पिसं, वाऱ्याने उडावं तसं फुगलेलं वस्त्र. खरं सांगायचं तर मी पुलापेक्षा इथेच जास्त रेंगाळलो. रोममधली बरीच चर्च दुपारी बंद असतात, तेव्हा सकाळीच जा.

आता तुम्हाला हवं ते रोमन बांधकाम. ते पुलावर उभं राहून दिसायचं नाही. शेजारच्या उंबेर्तो पुलावर जा, नाहीतर पायऱ्या उतरून नदीकाठी. मधल्या तीन कमानी हेड्रियनच्या वेळच्या. दोन्ही टोकांच्या 1890 च्या दशकातल्या, टायबर नदीला बांध घातले तेव्हाच्या.

पुलावर वाहनं नाहीत, पण गर्दी असते आणि पाकीटमारही. बॅग पुढे घ्या.