मनाच्या गोळ्या आणि पहिले काही आठवडे

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा फर्मागुढीला इंजिनीअरिंग शिकतो. नैराश्यासाठी डॉक्टरांनी बारा दिवसांपूर्वी त्याला गोळ्या सुरू केल्या. गेला आठवडाभर तो एका जागी बसत नाही, रात्री अंगणात फेऱ्या मारतो, आणि परवा त्याने जेवणाचे ताट भिरकावले. अशा गोळ्यांमुळे अमेरिकेत खून आणि आत्महत्या झाल्याचे वाचून माझे दीर म्हणतात, की गोळ्या आजच बंद करा. काय करावे?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, प्रथम आजच डॉक्टरांना फोन करून हे सर्व जसेच्या तसे सांगा. पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

आपण वर्णन केलेली अस्वस्थता आजार बळावल्यामुळे असू शकते. पण गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांतच ती आली असेल, तर ‘अकॅथिझिया’ या दुष्परिणामाचा विचार आधी व्हायला हवा. त्यात माणसाला आतून अशी तळमळ लागते, की पाय स्थिर राहत नाहीत, झोप उडते आणि चिडचीड होते. नैराश्याच्या काही गोळ्यांनी, आणि त्याहून अधिक प्रमाणात हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकृतीवरील (भास-भ्रमांवरील) औषधांनी, ती होते. तिला आजाराचेच लक्षण समजून मात्रा वाढवली, तर त्रास आणखी वाढतो. उलट, मात्रा कमी केल्याने, औषध बदलल्याने किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडल्याने ती बहुधा आटोक्यात येते.

आपल्या दिरांनी वाचलेले सगळेच खोटे नाही. १९९८ मध्ये वायोमिंग राज्यात पॅरोक्सेटिन ही नैराश्याची गोळी नुकतीच सुरू केलेल्या एका गृहस्थाने घरातील तिघांचा आणि स्वतःचा जीव घेतला, आणि २००१ मध्ये ज्युरीने त्याची ८० टक्के जबाबदारी औषध कंपनीवर टाकली. मात्र एका खटल्याचा निकाल म्हणजे वैद्यकीय सिद्धांत नव्हे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन गोळी घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळले. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नाही. तरीही २००४ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला, म्हणजे आपला मुलगा त्यात बसतो. पासष्टीपुढच्या रुग्णांत मात्र हा धोका उलट कमी झालेला दिसला.

हिंसेबद्दलचे पुरावे अधिक गुंतागुंतीचे आहेत. स्वीडनमधील नोंदींवरून २०१४ मध्ये असे दिसले, की मनोविकृतीवरील औषधे चालू असताना त्याच रुग्णांच्या हातून हिंसक गुन्हे कमी घडतात. तर २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात नैराश्याच्या गोळ्या आणि १५ ते २४ वयोगटातील हिंसक गुन्हे यांच्यात संबंध आढळला, पण कारण गोळी की मूळ आजार, हे त्यातून ठरत नाही.

म्हणून गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबवल्यास चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास आणि पुन्हा तीच तगमग होऊ शकते. डॉक्टर सांगतील तसेच करा, आणि तोवर गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवा.

मुलाला शांतपणे, सरळ विचारा, की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. बहुतेकांना उलट हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेण्यासाठी सकाळची वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

आणखी एक गोष्ट, जी बाह्यरुग्ण विभागाच्या धावपळीत बरेचदा विचारायची राहून जाते : घराण्यात कोणाला अतिउत्साहाचे, बेफाम खर्चाचे, रात्र रात्र न झोपण्याचे झटके आले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अशा रुग्णात नैराश्याची गोळी उन्माद चेतवू शकते. फोन करताना गोळीचे नाव, मात्रा आणि फेऱ्या सुरू झाल्याची तारीख लिहून जवळ ठेवा.