टोइंगचा आकडा नंतर, आधी दाराचं स्टिकर बघ

अरे टोयोटाची टॅकोमा पिकअप घेतलीस, मस्त गाडी आहे, पण ते ६,५०० पाउंड टोइंग (मागे ट्रेलर ओढायची क्षमता) डोक्यातून जरा बाजूला ठेव. अशा मिडसाइझ पिकअपमध्ये बहुतेक वेळा आधी पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर पेलू शकते ते वजन, संपतो. ड्रायव्हरचं दार उघड, खांबावर स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि हा आकडा तुझ्याच गाडीचा असतो, ब्रोशरमधला नाही.

समज तिथे १,१०० पाउंड आहे. तुम्ही चौघं ६००, मागच्या हौद्यावर टॉपर (टणक छप्पर) बसवलास तर अजून १५०, म्हणजे उरले ३५०. आता ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतात त्या जोडावर) येतो आणि तो पण पेलोडमध्येच धरायचा, हे नवीन लोक हमखास विसरतात. ५,००० पाउंडच्या कॅम्परचे (राहायची सोय असलेल्या ट्रेलरचे) १२ टक्के म्हणजे ६००, झाली की गाडी ओव्हरलोड, टोइंग लिमिटच्या आत असूनसुद्धा! हिचवरचा भार कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला मात्र ढकलू नकोस प्लीज, हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो आणि ते खरंच जिवावर बेतू शकतं.

आणि डीलर सांगतो ते कॅम्परचं रिकामं वजन असतं, त्यावर पाणी एका गॅलनला ८.३ पाउंड, शिवाय बॅटरी, गॅस सिलिंडर, भांडीकुंडी. पहिल्या ट्रिपआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घे, थोडेच डॉलर लागतात.