चटका बसला त्याच दिवशी मुदत सुरू झाली

सुदामा नगरातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका मॉलच्या फूड कोर्टात आपला कप आपणच भरून घ्यायचं कॉफीचं मशीन होतं. त्याच्या बाजूच्या उघड्या स्टीलच्या पत्र्यावर सहा वर्षांच्या मुलीने हात टेकला आणि तळहात भाजला. घटनेला 21 महिने झाले. तेव्हापासून मॅनेजरशी ईमेल चालू आहेत. शेवटचं उत्तर, ‘ऊपर बात की है, देख लेंगे.’ आता वकिलाची नोटीस पाठवून महिनाभर वाट पाहावी का, असं ते विचारतात.

अजिबात पाहू नका. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही.

अशा पत्रांत मशीन किती तापलं होतं याचं वर्णन पानभर असतं आणि तारीख मात्र शोधावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 सांगतं, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत. कारण घडलं ते हात भाजला त्या दिवशी. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगावं? उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावं लागतं आणि ‘तडजोडीची आशा होती’ हे बहुधा पुरत नाही. मुलगी अल्पवयीन असल्याने मुदत थांबते असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. दिवाणी दाव्यात लिमिटेशन कायद्याचं, म्हणजे दाव्यांची मुदत ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम 6 तशी सवलत देतं. आयोगापुढे ती चालेल का, यावर वाद होऊ शकतो. हातात तीन महिने असताना तो वाद अंगावर कशाला घ्यायचा?

‘गरम मशीन गरमच असणार’ हा बचाव येईलच. उघड दिसणाऱ्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक जबाबदार नाही, असं कलम 87 म्हणतंही. पण ती सूट सूचनेपुरती आहे. रचनेतला दोष कलम 84 मध्ये वेगळा मोजला आहे. तोटी भाजेल हे कुणालाही कळतं, बाजूचा पत्रा भाजेल हे नाही. तापलेल्या पृष्ठभागांना हात लागण्याबाबतच्या आयएसओ 13732-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उघड्या धातूला एक सेकंद हात लागला तर साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसला त्वचा भाजते, एक मिनिट टेकून राहिला तर 51 अंशांनाही. प्लॅस्टिकच्या बाबतीत हाच एका सेकंदाचा आकडा 80 च्या पुढे जातो. लहान मूल मोठ्यांच्या चपळाईने हात मागे घेत नाही, याचाही त्यात विचार आहे. अर्थात हे मानक म्हणजे आपल्याकडचा कायदा नव्हे. आयोग त्याला किती वजन देईल ते आज सांगता येत नाही.

खरी पंचाईत पुराव्याची आहे. मशीन बदललं गेलं आणि तुम्ही फोटो काढलात तो फक्त हाताचा. मागच्या पाटीवरचा मॉडेल नंबर त्याच दिवशी टिपायला काय हरकत होती? आता तक्रारीसोबतच अर्ज द्या, की काउंटरवाल्याने मशीनचं खरेदीबिल आणि मॉडेल हजर करावं. काउंटर, मॉल आणि उत्पादक, तिघांनाही पक्षकार करा. दवाखान्याचा पहिल्या दिवसाचा केसपेपर आणि कॉफीचं यूपीआय पेमेंट जोडा. ईमेलही जोडा; मुदतीसाठी निरुपयोगी असले तरी घटना त्यांना तेव्हाच कळली होती, हे त्यातून दिसतं.

फी लागणार नाही. ती कॉफीच्या किमतीवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो. त्यावर विसंबून कसलेही बेत आखू नका. तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगात ऑनलाइन भरता येते. या आठवड्यात कागद गोळा करा आणि पुढच्या आठवड्यात ती दाखल करून टाका. मॅनेजरला कळवायचंच असेल तर तक्रार क्रमांक मिळाल्यावर कळवा.