‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणाऱ्यांची तब्येत

प्रश्न : आरोग्याच्या पाहणीत ‘तुमची तब्येत कशी आहे?’ असं थेट विचारतात. लोक ‘उत्तम’, ‘ठीक’, ‘वाईट’ यांतलं काहीतरी सांगून मोकळे होतात. अशा उत्तराला काय किंमत?

पुष्कळ. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांचा एक अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. स्वतःची तब्येत वाईट सांगणाऱ्यांमध्ये लवकर मृत्यू येण्याचा धोका, ती उत्कृष्ट सांगणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. तोही नोंदलेले आजार हिशेबात धरून. १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा आढावा घेतला गेला आणि बहुतेकांत हाच कल दिसला. झोप, भूक, अंगातली ताकद, जिना चढताना लागणारी धाप यातलं बरंचसं रिपोर्टात येत नाही. ते माणसालाच ठाऊक असतं.

प्रश्न : पण मोलमजुरी करणारा ‘मी ठणठणीत’ म्हणतो आणि शिकलेला, चांगल्या पगाराचा माणूस तक्रारी सांगतो. शिकलेले उगाच बाऊ करतात का?

नाही, आणि हा समज घातक आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हेच कोडं मांडलं होतं. केरळात साक्षरता आणि आयुर्मान देशात वरचढ, तरी आजारपणाच्या तक्रारी तिथेच जास्त. बिहारात आयुर्मान कमी आणि तक्रारीही कमी. अमेरिकेत तर केरळपेक्षाही जास्त. तक्रारींवरून आरोग्य मोजलं, तर बिहार सगळ्यांत निरोगी ठरेल!

शिक्षण मिळालं, दवाखाना जवळ असला, की दुखणं हे दुखणं म्हणून ओळखता येतं. जिथे चाळिशीनंतर सगळ्यांचीच कंबर धरते, तिथे कंबरदुखी आजारात जमाच होत नाही. रक्तदाब तर कधी मोजलाच नाही, तर वाढलेला कळणार कसा? आणि ज्याची मजुरी रोजच्या रोज ठरते, त्याला आजारी म्हणवून घेणंच परवडत नाही. तो दुखणं अंगावर काढतो.

गंमत अशी, की इतकं सोसूनही बहुतेक देशांत कमी उत्पन्नाचे आणि कमी शिकलेले लोक सरासरीने स्वतःची तब्येत अधिक वाईटच सांगतात. म्हणजे खरी दरी आकड्यांत दिसते त्याहून खोल असू शकते. म्हणून काही पाहण्यांत एका काल्पनिक माणसाचं वर्णन सगळ्यांना देऊन ‘याची तब्येत कशी वाटते?’ असं विचारतात. त्यातून कोण कशाला ‘ठीक’ आणि कशाला ‘वाईट’ म्हणतो, हे प्रत्येकाचं माप कळतं. जोडीला हाताची पकड, चालण्याचा वेग, रक्तदाब मोजतात. केवळ तक्रारी मोजून दवाखाने वाटले, तर ज्यांना बोलता येतं त्यांनाच ते मिळतील. मला हा उघड अन्याय वाटतो.

प्रश्न : मग महत्त्वाचं काय, पैसा की शिक्षण?

एकाची निवड करायला मी तयार नाही. शिक्षणामुळे डॉक्टरांना उलट प्रश्न विचारण्याचं बळ येतं, पैशामुळे त्यांनी सांगितलेले उपचार पुरे करता येतात. शिवाय आजारपणात मिळकत घटते, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे उत्पन्नाच्या बाबतीत जास्त गुंतलेलं असतं. लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ पासूनचा अभ्यास मात्र आठवणीत ठेवावा असा आहे. त्यात कुणी कंगाल नव्हतं, तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होतं. धूम्रपान, रक्तदाब यांतून त्यातला थोडाच भाग उलगडला.

प्रश्न : माझी आई फारशी शिकलेली नाही. तब्येत विचारली की म्हणते, ‘मला काय धाड भरलीय?’ तिला विचारायचं तरी कसं?

‘बरी आहेस ना?’ असं विचारू नका, त्यात ‘हो’ आधीच भरलेलं असतं. कामाबद्दल विचारा. भरलेली बादली नेताना मध्ये टेकवावी लागते का? रात्री लघवीला किती वेळा उठतेस? गेल्या वर्षी सहज करायचीस, पण हल्ली टाळतेस असं काय आहे? खर्चाचा विषय तिने काढायच्या आधी तुम्ही काढा. पुष्कळदा गप्प राहण्यामागे तीच धास्ती असते. आणि तक्रार असो वा नसो, रक्तदाब आणि साखर तपासून घ्याच.