आधी ट्रॅव्हल, मग उंची : सस्पेन्शनवर वाचकांचे प्रश्न

बाहेरून बसवलेले कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र जोड), लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) आणि स्प्रिंगांमधले रबर यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : माझी २०१९ची स्विफ्ट आहे. उंची आणि डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा) दोन्ही बदलता येणारे कॉइलओव्हर बसवून गाडी ४० मि.मी. खाली घेतली. आता छोट्या खड्ड्यातही ‘धाड’ करून दणका बसतो आणि गतिरोधकावर पोट घासतं. बसवणाऱ्याने डॅम्पिंग सगळ्यात मऊ करून दिलं, तर दणका उलट वाढला. स्प्रिंगा मऊ घालाव्यात का? (पुणे)

उत्तर : मुळीच नको, दणका आणखी वाढेल. तुम्हाला जाणवतो तो दणका स्प्रिंगचा नाही, बंपस्टॉपचा, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी ठोकळ्याचा आहे. स्प्रिंगखालची रिंग फिरवून गाडी खाली घेतली की चाकाला वर यायला उरलेली जागा, म्हणजे ट्रॅव्हल, तेवढी कमी होते. ती संपली की बंपस्टॉप दाबला जातो आणि त्यानंतर स्प्रिंग मऊ आहे की कडक याला काही अर्थ उरत नाही. डॅम्पिंग मऊ केल्यामुळे चाक तिथवर जास्त वेगाने पोचू लागलं, एवढंच झालं.

खात्री करून घ्या. पुढच्या शॉकअपचं रबरी बूट वर सरकवा आणि चकचकीत दांड्यावर पातळ प्लास्टिकचा केबल टाय बांधा, बोटाने ढकलला तर सरकेल इतपत घट्ट. गाडी जमिनीवर उभी असताना तो शॉकअपच्या सीलला टेकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरून या. टाय थेट बंपस्टॉपला जाऊन चिकटला असेल तर जागा पुरती संपते आहे. साध्या रस्त्यावर तो बंपस्टॉपच्या किमान १०-१५ मि.मी. अलीकडे थांबायला हवा.

आता उंची. ती जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. गाडी सपाट जागेवर, टाकी अर्धी, स्टेअरिंग सरळ. आपल्या रस्त्यांसाठी मूळ उंचीपेक्षा १५ ते २० मि.मी. खाली, त्याहून जास्त नाही, असं आमचं मत आहे.

किटचा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर फिरतो का ते पाहा. फिरत असेल तर उंची तिथूनच बदला; त्याने शॉकअपच्या आतली ट्रॅव्हल जशीच्या तशी राहते. आट्यांचा किमान किती भाग ब्रॅकेटच्या आत राहायला हवा हे किटच्या कागदावर दिलेलं असतं, ती मर्यादा ओलांडू नका. शिवाय टायर पूर्ण वर आल्यावर मडगार्डच्या आतल्या अस्तराला लागत नाही ना, तेही तपासा. स्प्रिंगखालच्या रिंगेचं काम मग फक्त प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंगेला आधीच थोडा दाब देण्याचं. जॅकवर चाक लटकत असताना स्प्रिंग हाताने खुळखुळता कामा नये. तिथून पुढे फारतर ५ मि.मी. आवळा. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते हा गॅरेजांमधला लाडका गैरसमज आहे. एक मिलिमीटर दबायला ४ किलो घेणारी, सारख्या कडकपणाची स्प्रिंग ४ किलोचीच राहते. चाकाला खाली लटकायची जागा मात्र कमी होते.

गतिरोधकाचं गणित गमतीचं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच असतो. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,४५० मि.मी. अंतर आहे. दोन्ही चाकं त्यावर असताना मधला उंचवटा पोटाकडे फक्त ४४ मि.मी. येतो. मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६३, त्यातून ४० वजा केले तरी १२३ उरतात. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर तुमची गाडी घासायचं कारणच नाही. ती घासते गल्लीच्या तोंडाशी घमेल्याने ओतलेल्या डांबराच्या अरुंद उंचवट्यावर, कारण तिथे पूर्ण उंची पोटाखाली येते. त्यावर उपाय उंचीचाच.

उंची ठरली की ३००-५०० कि.मी. चालवा, स्प्रिंगा थोड्या बसतात. पुन्हा मोजा आणि मगच अलाइनमेंट करा, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं वजन ठेवून. पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) शॉकअप आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपाशी थोडा जुळवता येतो. उणे एक अंशाच्या आसपास चालतो. टायर खातो तो मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं. ट्रेडवरून तळवा एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला आहे. मागची दोन्ही चाकं एकाच बीमवर असल्याने तिथे जुळवण्यासारखं काही नाही.

प्रश्न : माझ्या डॅम्परच्या (शॉकअपच्या) नॉबला ३२ क्लिक आहेत. समृद्धीवर १२०ला गाडी सारखी थरथरते आणि पुलावर चढता-उतरताना डुलते. दुकानदार म्हणतो, ‘१६वर ठेवा आणि विसरा.’ कडक करू की मऊ? (नागपूर)

उत्तर : हे दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यांचे उपाय उलट दिशांचे. १२०ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. काँक्रीटच्या सांध्यांत साडेचार मीटर अंतर धरलं तर सेकंदाला सातेक ठोके बसतात. गाडीची बॉडी स्प्रिंगांवर स्वतःहून हलते ती सेकंदाला दीड-दोन वेळा. सात ठोक्यांबरोबर ती हलूच शकत नाही. हा थरथराट डॅम्पर आणि बुशांमधून (जोडांमधल्या रबरांमधून) थेट वर येतो. डॅम्पर जितका कडक, तितका तो जास्त. क्लिकला हात लावण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा, ती जास्त असली तर डॅम्परवर उगाच खापर फुटतं.

पुलाच्या तोंडाशी डुलणं मात्र बॉडीचंच आहे आणि ते रिबाउंडने, म्हणजे दबलेली स्प्रिंग पुन्हा उलगडताना डॅम्पर करतो त्या विरोधाने, आवरतं. एकच नॉब असलेले बहुतेक डॅम्पर रिबाउंडच जास्त बदलतात. नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत फिरवा (जोर लावलात तर आतली सुई बिघडते), तिथून मागे मोजत १६वर या. मोजणी नेहमी घट्ट टोकापासून करा, कारण ‘१ नंबर’ कोणत्या टोकाला धरायचा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. मग एकच पूल, एकच वेग. गाडी वर जावी, खाली यावी आणि थांबावी. दुसरा हेलकावा आला तर तीन क्लिक घट्ट, आधी फक्त पुढे, नंतर फक्त मागे. डावी-उजवी बाजू कायम सारखी. मऊ टोकाकडच्या पाच-सहा क्लिकांत फरक जाणवतही नाही, घट्ट टोकाकडची एकेक क्लिक मात्र मोठी असते.

कुठे थांबायचं ते टोलनाक्याआधीचे रम्बलर (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्या) सांगतात. पहिली पट्टी ठीक, पण चौथी-पाचवी जास्त आदळते असं झालं तर रिबाउंड गरजेपेक्षा घट्ट झालं आहे. चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढची पट्टी येते आणि गाडी प्रत्येक ठोक्याला आणखी खाली बसत बंपस्टॉपवर जाते. दोन-तीन क्लिक मागे घ्या. आलेला आकडा कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा.

प्रश्न : वॅगन-आरला बाहेरून सीएनजी बसवली. मागून गाडी बसायला लागली म्हणून स्प्रिंगेत रबरी बफर घातले. उंची आली, पण मागे बसणारे उडतात. बफर आणखी मोठे घेऊ का? (सोलापूर)

उत्तर : आहेत तेही काढा. बफर दोन वेढे जखडून ठेवतो, म्हणजे काम करणारे वेढे कमी होतात. स्प्रिंगेला सहा कामाचे वेढे असतील आणि एक पूर्ण बंद झाला तर ती २० टक्के कडक होते. दोन बंद झाले तर ५० टक्के. शॉकअप मात्र जुन्या मऊ स्प्रिंगेच्या मापाचाच राहतो. उसळलेली स्प्रिंग त्याला आवरत नाही, म्हणून माणसं उडतात. शिवाय बफरच्या खाचेत चिखल साचतो, रंग झिजतो, गंज धरतो आणि स्प्रिंग नेमकी तिथे तुटू शकते.

कंपनीतूनच सीएनजी लावून येणाऱ्या वॅगन-आरचं सस्पेन्शन त्या वजनासाठी वेगळं जुळवलेलं असतं. तुमच्या मॉडेल-वर्षाच्या सीएनजी प्रकारच्या मागच्या स्प्रिंगा पार्ट नंबरवरून मागवा, दोन्ही बाजूंच्या एकदम. गाडी ५०-६० हजार कि.मी. चाललेली असेल तर शॉकअपही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते. मागच्या टायरची हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरमधल्या पूर्ण लोडच्या आकड्याप्रमाणे ठेवा.

प्रश्न : जिम्नीला ५० मि.मी.चं लिफ्ट किट लावलं. ८०च्या पुढे स्टेअरिंग भरकटतं, सरळ जाताना स्टेअरिंग व्हील तिरकं असतं आणि मागून पाहिलं तर एक चाक जास्त बाहेर दिसतं. अलाइनमेंटवाला म्हणतो, ‘यात काही होत नाही.’ (कोल्हापूर)

उत्तर : त्याच्या मशीनवर खरंच काही होणार नाही, कारण तिन्ही दोष एक्सलच्या जोडण्यांत आहेत. जिम्नीला पुढे-मागे अखंड एक्सल (दोन चाकं जोडणारा आस). गाडी वर उचलली की पुढचा एक्सल त्याच्या लांब आर्मभोवती गोल फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो. आर्म ७०० मि.मी. धरला तर ५० मि.मी. उचलण्याने सुमारे ४ अंश जातात. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते कॅस्टरमुळेच. उपाय म्हणजे आर्मला कॅस्टर दुरुस्त करणारे तिरक्या भोकाचे बुश किंवा त्यासाठीच बनवलेले ब्रॅकेट.

एक्सल बाजूला सरकतो तो त्याला चॅसिसशी आडवा बांधणाऱ्या पॅनार्ड रॉडमुळे. रॉडची लांबी ठरलेली, त्याचा कोन बदलला की एक्सल ओढला जातो. लांबी बदलता येणारा रॉड लावा आणि दोन्ही बाजूंचं अंतर चाकापासून चॅसिसपर्यंत मोजून सारखं करा. स्टेअरिंग व्हील सर्वांत शेवटी, ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) समायोजनाने सरळ करा. व्हील काढून दातऱ्यावर फिरवून बसवू नका. स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर चुकीचं वाचतो आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) नको तिथे ब्रेक लावू शकतो.

हे सगळं करूनही ठरावीक वेगाला स्टेअरिंग थडथडलं तर किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग पाहा. नवा स्टेअरिंग डॅम्पर लावला की लक्षण झाकतं, दोष तसाच राहतो. दोन्ही चाकं लटकवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही बघा. किट विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपरच्या वजनासाठी असेल आणि तुमच्या गाडीवर ते नसतील, तर स्प्रिंगा हलक्या लोडच्या घ्या.

प्रश्न : पोलोला कॉइलओव्हर बसवल्यापासून स्टेअरिंग पूर्ण वळवलं की ‘टण्ण’ आणि खड्ड्यात ‘खट् खट्’. आणखी एक, पावसाळ्यानंतर रिंगा जाम झाल्या आहेत. (ठाणे)

उत्तर : ‘टण्ण’ म्हणजे स्प्रिंग पिळली जाऊन सुटते आहे. स्प्रिंगेवर खडूची उभी रेघ ओढा आणि कोणाला तरी स्टेअरिंग वळवायला सांगा. रेघ शॉकअपबरोबर सरळ न फिरता अडकून उडी मारत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग उलटं बसलं आहे किंवा मधला वॉशर राहिला आहे. वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळला असेल तर दांडा आत गरगरून सील खराब होतं; दांडा अ‍ॅलन कीने धरून नट हातानेच आवळायचा असतो.

‘खट् खट्’साठी आधी अँटीरोल बारला, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या दांड्याला, जोडलेला लिंक रॉड पाहा. गाडी खाली आल्यावर मूळ लिंक लांब पडते, अँटीरोल बारचा कोन बदलतो आणि बार चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टला टेकू शकतो. आखूड लिंक लावा. पोलोत शॉकअप नकलच्या क्लॅम्पमध्ये सरकून बसतो. तो तळापर्यंत गेला नसेल तरीही आवाज येतो. क्लॅम्प उघडायचं खास हत्यार वापरा आणि त्याचा बोल्ट नवाच घाला. लोअर आर्मचे बुश-बोल्ट चाकं लटकत असताना आवळले असतील तर ते ढिले करा, नकलखाली जॅक देऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डचं माप उभ्या गाडीइतकं आणा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

रिंगांवर हातोडी चालवू नका. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, गाडी जॅकवर घेऊन स्प्रिंगेचा भार काढा आणि मगच हुकचा पाना लावा. नंतर आट्यांवर घट्ट ग्रीस नको, त्यात रेती चिकटते. कोरडा सिलिकॉन किंवा मेणाचा स्प्रे मारा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा रिंग दोन फेरे वर-खाली करून पुन्हा मोजलेल्या मापावर आणा.